मधला आकडा

दुखानच्या मैदानावर हिरवळ नाही.
तेल पाजून दाबलेली वाळू, तिलाच आम्ही ग्रीन म्हणतो,
आणि काखेत प्लास्टिकच्या गवताचा तुकडा घेऊन हिंडतो.
चेंडू पडेल तिथे अंथरायचा,
मारायचं, झटकून पुन्हा काखेत.

शुक्रवार. साडेपाचलाच ऊन चढलेलं.
खानोलकर म्हणतो, फोन असताना वेगळं यंत्र कशाला?
चारशे रियाल काय वर आलेत?
त्याचं अ‍ॅप फुकट. वारा सांगतं, नकाशा दाखवतं,
मागच्या खेपेच्या चुकाही जपून ठेवतं.
माझं यंत्र साबणाच्या वडीएवढं.
तीनच आकडे येतात त्याला: पुढचा, मधला, मागचा.
वाऱ्याचं विचारलं तर गप्प.

पाचव्या होलला त्याचा फोन तापला.
काळ्या पडद्यावर नुसता थर्मामीटर.
ओल्या रुमालात गुंडाळून
त्याने तो पाण्याच्या बाटलीला बिलगून ठेवला,
तापलेल्या पोरासारखा.
"किती रे?"
"एकशे बेचाळीस," मी म्हणालो,
जरा जास्तच मोठ्याने.

सातव्याला माझा फोन वाजला, बॅगेच्या तळातून.
तो मी मोजायला आणत नाही, नुसता आणतो.
चिपळूणहून ताई. बाबांचा रिपोर्ट आला होता.
वाच म्हटलं.
ती एकेक इंग्रजी शब्द अक्षरं लावत वाचू लागली,
मी चालत राहिलो,
कुठे ते न बघता.

हातातलं यंत्र आपलं काम करत होतं:
एकशे साठ.
एकशे नव्वद.
दोनशे चाळीस.
मागे झेंड्याच्या बाजूला खानोलकर,
दोन्ही काखांत दोघांचं गवत.