तिथीचा रकाना

मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्यात
नकाशा पसरला, कोपऱ्यांवर
जाळ्याची शिशाची वजनं.

समुद्र आमच्याकडे कोराच असतो,
पाइप संपतो तिथून पुढे नुसता निळा.

धुरपतबाई केणींनी माझं पेन मागितलं.
इथे कालवं. होती.
इथे ओढ फिरते, तुम्ही सोडलेलं
परत आमच्याच पायरीला लागतं.
आणि अवसेच्या उधाणाला
शाळेमागचं झाकण उठतं,
पाऊस असो नसो.

आमच्या तक्त्यात तिथीला रकाना नाही.
मी हातानं आखला.

नव्या टाक्यांना सहा वर्षं, मी म्हणालो.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"मग तोवर पंपाची पाळी तरी
चंद्र बघून लावा."

इतिवृत्तात हे वाक्य
तसंच ठेवलंय.
वरची सही बाकी आहे.