बहात्तरावा रकाना

गजभिये बाईंच्या मॉनिटरवर
उजव्या अंगाला हिरव्या नेलपॉलिशची एक उभी रेघ होती.
मी ती पुसायलाच निघालो होतो.
"हात नको लावू बे," त्या म्हणाल्या,
"थे बहात्तर आहे."

सिव्हिल लाइन्स, मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास
आणि पेन्शनचा हिशोब चालवणारा कोबॉल,
माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधी लिहिलेला.
रिटायर झालेल्या बाईंना कंत्राटावर परत बोलावलं होतं,
मला त्यांचा एडिटर सुधारायला.

त्या भाषेचा कायदा त्यांनी
तर्री-पोह्याच्या कागदावर लिहून दिला, तेलाचा डाग चुकवत:
पहिले सहा रकाने नंबरांचे,
सातव्यात चांदणी असली की ओळ मुकी,
आठपासून बोलायचं, बहात्तरला थांबायचं.
"त्यापुढं लिहिशीन तर कोणी वाचत नाही.
चूकही दाखवत नाही. नुसतं आयकत नाही.
एकदा एक टिंब त्र्याहत्तरात गेलं,
चारशे विधवा बायांचं पेन्शन महिनाभर अडलं.
तवापासून हे रेघ."

मी माझ्या एडिटरचं कौतुक सांगत बसलो.
एक अक्षर टाका, पुढचा शब्द तोच सुचवतो.
बाईंनी तीन मिनिटं सोसलं.
"हा काऊन मधामधात बोलते?
माह्या तोंडचा शब्द मले माहीत नाही का?"
सूचना बंद.

रेघ मात्र करून द्यायचीच होती,
काचेवर नाही, काचेच्या आत,
अक्षरं लहानमोठी केली तरी जागा न सोडणारी.
दोन दिवसांत झाली.
बाईंनी चष्मा कपाळावर नेला,
पेराने मोजलं. पुन्हा मोजलं.
"एका घरानं चुकली."

माझा एडिटर शून्यापासून मोजतो.
मी म्हटलं, बाई, झिरो माइल इथून हाकेवर आहे,
आपल्या गावात मोजणी शून्यापासूनच ना!
"थो दगड इंग्रजानं ठेवला," बाई म्हणाल्या,
"मी पोळ्या एकापासून मोजतो."

रेघ एक घर सरकवली.

मुक्या ओळी आम्ही फिकट करतो,
राखाडी, डोळ्यांत भरू नयेत म्हणून.
बाई स्क्रीनला कपाळ टेकेस्तोवर वाकल्या.
"नंदेश्वरले काऊन पुसलं?"
मी पाहिलं. सातव्या रकान्यात चांदणी, आणि पुढे:
*ही ओळ हलवू नये. कारण फाइलीत नाही, मला माहीत आहे.
दे. म. नं., सत्त्याऐंशी.*

ते कारण बरोबर घेऊन नंदेश्वर दोन हजार चारला गेले.
त्यांचं पेन्शन आता ह्याच प्रोग्राममधून निघतं,
बायकोच्या नावाने,
त्याच ओळीवरून जाऊन.
"जे चालत नाही थे फिकट करता तुम्ही," बाई म्हणाल्या.
"अरे, मानसं तर त्याच ओळीत आहेत.
बाकी सारी मशीन."

त्या रात्री मी रंग बदलत बसलो.
काळा चालला नाही, निळाही नाही.
शेवटी कार्बन पेपरचा तो जांभळट, बोटांना लागणारा,
तेव्हा बाईंनी खुर्ची मागे ढकलली
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

नेलपॉलिश त्यांनी काढलं नाही.
दोन्ही रेघांत पाव बोटाचं अंतर आहे.
त्या कोणती पाहतात, मी विचारलं नाही.

निघताना मी एक खोडी करून आलो:
एका निरुपद्रवी ओळीच्या शेवटी,
त्र्याहत्तरापासून पुढे, जिथलं कोणीच वाचत नाही,
माझं नाव.

पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन आला.
नमस्कार नाही, कसा आहेस नाही.
"त्र्याहत्तरात कोन बसलं आहे बे?"