रद्द नमुना

तुरी सोंगायच्या दिवसांत
सावळी फाट्यावर आम्ही तीन दिवस बसलो होतो,
मी, ढोबळे नावाचा ज्युनिअर,
आणि गुडघ्यावर कागद:
चार उभ्या रेघा, एक आडवी, झाले पाच.

ट्रक तीन. जीप एक. बैलगाड्या बावीस.
एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी,
रस्ता तेवढा अडतो, असं पुस्तकात होतं.
पऱ्हाट्या भरून चाललेल्या गाडीवानाला सांगितलं
तर त्यानं बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली,
"आयकलं काय बे पाखऱ्या?
चार मोटारीचा हायेस तू!"

पायी चालणाऱ्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी छापील अर्ज घेऊन
लिंबाखाली बसलेल्या पंचफुलाबाईकडे गेलो.
कुठून आलात?
"घरून."
कुठं निघालात?
"घरी."
मी पेन थांबवलं.
"दारव्ह्याले जाचं होतं, दवाखान्यात.
येष्टीच नाई आली. आता जातो वापस."
प्रवासाला लागलेला वेळ?
"सकायपासून.
लिव्ह ना बापू, तसंच लिव्ह."

लिहिलं तसंच.
गाईडनी त्यावर तिरपी रेघ मारली:
उगम आणि गंतव्य एकच. नमुना अवैध.
उरले एक हजार चारशे तेरा.
त्यांच्यावर माझी पीएच.डी. झाली,
मग नोकरी, मग विभागप्रमुखाची
एका बाजूला कलणारी फिरती खुर्ची,
आणि वीस वर्षांनंतरची वाहतूक
आजच सांगणारं एक मॉडेल.
त्यातूनच चौपदरी गेला सावळीवरून.
फाटा आता पुलाखाली आहे.
लिंब माझ्या आकड्यांत कुठेच नव्हता,
तो गेला.

दर उन्हाळ्यात पेपर काढतो,
प्रश्न चार, उपप्रश्न क:
उगम व गंतव्य एकच आढळल्यास
नमुन्याचे काय करावे?
पोरं बरोबर लिहितात. रद्द करावा.
दोन गुण.

यंदा फेरतपासणीला एक उत्तरपत्रिका आली.
नाव नाही, नुसता बैठक क्रमांक,
अक्षर घाईचं, शाई फुटलेली:
'रद्द करू नये.
आधी तिले विचारावं, बस आली नाई का.'

प्रश्नात बाई कुठेच नव्हती.

आधीच्या तपासनिसानं शून्य दिलंय.
चहा निवला.
शिपाई दोनदा डोकावून गेला,
"सर, कुलूप लावाचं हाये."
मी लाल पेन उघडून
बसलोय.