व्यंकूचा गुडघा

मी चुन्याच्या रेघा मारतो.
माझं फुटबॉल एवढंच.
चारच्या उन्हात, तेलाच्या डब्याला भोकं पाडून,
पेनल्टीची चौकट, कॉर्नरचा पाव गोल,
मधलं वर्तुळ सुतळी धरून.

रविवारी उजवीकडच्या रेघेवर
इराबत्तीचा व्यंकू पडला.
कुणी ढकललं नव्हतं, एकटाच वळला,
अंग पुढे गेलं, पाय मागं राहिला.
मौला म्हणतो, कट्‌ असा आवाज झाला.
बसय्या म्हणतो, आवाज-बिवाज काही नाही बे, तू घाबरलास.
मी वीस पावलांवर होतो, मला काहीच ऐकू आलं नाही.
रात्रपाळीत लाइट जाऊन सगळे माग एकदम थांबतात,
आणि गल्लीतली झोपलेली माणसं दचकून उठतात,
तसं झालं.

लस्सीवाल्यानं लादी फोडून बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत.
मौलाच्या टेंपोत माल भरलेला होता.
त्या गठ्ठ्यांवरच व्यंकूला निजवला,
गुडघ्याखाली परदेशी जाणारा टॉवेल,
आम्ही आयुष्यभर विणला,
कधी हात पुसला नाही, असला मऊ.

दवाखान्यात विचारलं, कुठं दुखतंय?
आई म्हणाली मोकालू,
बसय्या म्हणाला मोणकाल,
मौला म्हणाला घुटना,
मी मराठीत सांगितलं.
कंपाउंडरनं कागदावर चौथंच काहीतरी लिहिलं
आणि म्हणाला, मशीनचा नंबर बुधवारी.

सोमवारी पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं
तरी घागरींच्या रांगेत पाण्यावरून भांडण नाही.
लिगामेंट हा शब्द
तोवर साऱ्या नीलमनगरला पाठ झाला होता.
कुणाच्या भाच्याचं तुटलेलं, तो आता रिक्षा चालवतो.
कुणाच्या साडूचं नुसतं ताणलेलं, हळद लावून गेलं.
कँटीनमध्ये सिद्रामनं लेंगा वर केला,
बघा, बारा तास मागापुढं उभं राहून हे असं झालंय.
मग श्रीशैलनं केला. मग कोंडय्यानं.
टेबलाभोवती सात-आठ उघडे गुडघे,
काळे, सुजलेले, एक नारळाएवढा.
पोऱ्या चहा घेऊन आला आणि हसला.
मशीनखाली यातला एकही गेलेला नव्हता.
आम्ही लेंगे खाली केले
आणि परत व्यंकूचंच बोलू लागलो.

एक गोष्ट कुणी बोललं नाही.
येत्या रविवारी मिरजेशी फायनल.
मनात मात्र सगळ्यांच्या तीच,
माझ्याही. खोटं कशाला बोलू,
आधी मला कॉर्नर आठवला, मग पोरगा.
त्याची आई हजार विड्या वळून
भिंतीला धरून उठली तेव्हा
मी नजर चुकवली.

बुधवारी रात्री ते मोठं पाकीट आलं.
ट्यूबलाइटसमोर धरून काळी फिल्म
अकरा जणांनी वाचली, तीही उलटी.
ढग दिसत होते, ढगात एक पांढरी फट,
ती चांगली की वाईट, यावर दोन गट पडले.
तेवढ्यात डॉक्टरचा फोन.
तुटलेलं नाही. सूज आहे. सहा आठवडे पळायचं नाही.
बसय्यानं मौलाला उचललं,
लस्सीवाल्यानं आज मात्र पैसे घेतले.
सगळ्यांचं हसून झाल्यावर
गद्देवारांचा बारका विचारता झाला,
मग रविवारी उजवीकडून कोण?
त्याला कुणी मारलं नाही.

आज मी डबा घेऊन आलोय.
तो पडला तिथं रेघ फरफटलेली आहे,
हातभर मातीच माती, तीन दिवस मी तिकडं फिरकलो नव्हतो.
वाकलो, उकिडवा बसलो,
उठताना डब्याचाच आधार घेतला
त्यामुळं चुना एका जागी जास्त सांडला.
रेघ तिथं थोडी फुगलीय.
राहू दे.
चेंडू तिच्यावर आला तर आत की बाहेर,
ते पंच बघेल.