कपाळपट्टी

पारोळ्याच्या बायपासला, बंद पडलेल्या जिनिंगमागे
अकरा वर्षं उभी होती ती.
केबिनमध्ये साळुंकीचं घरटं, रेडिएटरमध्ये गांधीलमाशा,
ट्रेलरच्या फळ्यांमधून बाभूळ वर आलेली,
शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून तिला ओरबाडायच्या.
भंगारवाल्याने किलोवर भाव केला होता.
मी किलोमागे दोन रुपये जास्त दिले.

रज्जाक पिंजारी मिस्त्रींनी पुढच्या चाकाला लाथ मारली,
बोनेटखाली डोकं घातलं, बराच वेळ काढलंच नाही.
मग म्हणाले, तुले येड लागनं का, लोटन?
आणि त्याच दमात :
सकाये बत्तीसना पाना लई येजो.

इंजिन उतरवलं तेव्हा वैशाख होता.
पाना उन्हात राहिला की हात भाजायचा,
म्हणून निंबाची सावली सरकेल तशी
हत्यारांची गोणी सरकवत न्यायची,
दुपारी चारला आम्ही पार कुंपणापाशी.

सहा पिस्टन. चार नंबरचं जाम.
वरून डिझेल ओतून ठेवलं, रोज सकाळी ठोकलं,
रोज ते नाही म्हणालं.
नवव्या दिवशी सुताराचा पोरगा सहज बघायला आला,
लाकडी ठोकळा टेकवून एकच घाव घातला,
आणि ते निघालं,
जसं काही इतके दिवस
चुकीचा माणूस विचारत होता.

गॅस्केट धुळ्यात नाही, मालेगावात मिळालं.
किंगपिनसाठी इंदूर.
क्लचप्लेट नरडाण्याजवळ उलटलेल्या एका गाडीतून,
तिचा ड्रायव्हर वाचला होता, हे मी आधी विचारून घेतलं.
रत्नाने हिशोबाची वही पुढे सरकवली :
मग हिची स्वतःची अशी हिच्यात उरली काय?
चेसिस नंबर, मी म्हणालो.
ती हसली.
आकडा बघून मला हसू आलं नाही.

कपाळपट्टी मी एकट्याने घासली.
आधी निळा निघाला, त्यावर पांढऱ्यात आई एकवीरा प्रसन्न.
त्याखाली हिरवा, चंद्रकोर, अर्धं नाव, शेवटचं अक्षर नो.
त्याखाली पिवळा, नुसता पिवळा,
त्या मालकाला बहुतेक काही म्हणायचं नव्हतं.
सगळ्यात तळाशी लाल.
त्यावर, ऐसपैस, मधोमध : छकुली.
आणि तिच्या शेजारी उरलेल्या चार बोटं जागेत
दुसऱ्याच हाताने कोंबलेलं, खाली उतरत गेलेलं : राजू.

सॅण्डपेपर तिथेच थांबला.
छकुली आता चाळिशीची असेल.
तो राजू कुठे तरी अजून ऐकून घेत असेल
की तुझं नाव नंतर आलं.
हिलाल पेंटर ब्रश धुऊन तयार,
काय टाकू? पोरांची नावं सांग.
म्हटलं, नवीन काही नको. हेच उजळव.
राजू सरळ करू का?
नको.

पहिलं भाडं लोखंडी पाइपांचं, सेंधव्याला.
सावळद्याच्या पुलावर तापी रुंद, मातकट,
पाइप आपापसांत बोलत होते.
बिजासनच्या चढाला दुसऱ्या गियरवर आली,
मागे हॉर्नची रांग लागली,
नव्या चकचकीत गाड्या, एसीतली माणसं.
माझी नजर काट्यावर. काटा लालच्या अलीकडे, एक केस.
तिथेच राहिला.

आता रोजचं आहे :
निघताना एअर टाकीतलं पाणी सोडायचं,
रॉडने चाकं ठोकायची, नटाचा आवाज कानाने घ्यायचा,
ढिला असला की भांडं फुटक्यासारखं वाजतं.
पंधरा दिवसांनी ग्रीस. पाट्यांना, किंगपिनला, सगळ्यांना,
कोणाला विसरलं की ते घाटात सांगतं.

परवा चेंबरखाली डाग दिसला.
रात्री अकराला रज्जाकभाईंना फोन लावला.
ते झोपेतच म्हणाले :
तेल गळी ऱ्हायनं म्हंजे मझार तेल शे.
गळाव नही त्या दिन फोन कर.

मी डब्याचं झाकण खाली ठेवलं.
सकाळी मोजले. सात थेंब.
वहीत लिहिले.