अमोनियाचा बोळा

दिंडोरीच्या वायनरीत फाटकावरच पिशवी तपासली.
तंबाखू चालली, काडेपेटीही चालली,
ब्लीचिंगची पुडी तेवढी काढून घेतली.

हर्षाली गांगुर्डे, इथली केमिस्ट, म्हणाली,
"काका, क्लोरीन तळघरात नको.
लाकडाला लागला की बुरशी त्याचं काहीतरी करते,
आणि दोन वर्षांनी बाटली उघडावी
तर ओल्या गोणपाटाचा वास."

मग टाक्या कशानं धुता?

"क्लोरीन डायऑक्साइडनं."

मला हसू आलं.
जावई नको, पण जावयाचा भाऊ चालतो.

ती हसली नाही.
तिच्या हातातल्या भांड्यात पिवळसर पाणी होतं,
थॉमसनचा मणी उन्हासमोर धरावा तसं.
"आडनाव एक म्हणून रीत एक नसते.
तुमचा क्लोरीन पाण्यात पडला की मोडतो,
त्याची दोन आम्लं होतात,
आणि वाटेत जो भेटेल त्याच्या घरात शिरतो,
हायड्रोजनला उठवून त्याच्या पाटावर बसतो.
हा मोडत नाही. पाण्यातही वायूच राहतो.
याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा,
म्हणून समोरच्याचा एक ओढून घेतो
आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो."

सिलिंडर कुठे ठेवता?

"सिलिंडर नसतो, काका. दाबला तर फुटतो.
रोज सकाळी ताजा करायचा,
लागेल तेवढाच, उजेडापासून जपून."

म्हणजे घरच्या चटणीसारखा, म्हटलं.
आमचा तर टनाटनानं यायचा,
लोखंडात निमूट बसून, ट्रकनं, घाट चढून.

एकतीस वर्षं मी त्याला गंगापूरच्या पाण्यात सोडला.
सिंहस्थात गंगेवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती,
तेव्हा पंचवटीतल्या शेवटच्या नळाखाली
रात्री दोनला नळी धरून उभा होतो.
गुलाबी आली.
फिकी, पण आली.
शून्य पूर्णांक दोन.
त्या महिन्यात कावीळ शहराला शिवली नाही,
आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हे मी तिला सांगितलं नाही.
बेंडकोळीचंही सांगितलं नाही,
टनरच्या व्हॉल्व्हशी ओलं फडकं तोंडाला लावून गेलेला,
नंतर अकरा वर्षं खोकत राहिलेला.
कोणी गॅसला शिवी दिली तर चिडायचा.
"गॅसची काय चूक, पॅकिंग गेलं होतं."

हर्षाली मात्र प्रामाणिक.
जाता जाता म्हणाली, हाही संत नाही,
मागे क्लोराइट ठेवून जातो,
तो मोजावाच लागतो, रोज, वहीत.

संध्याकाळी ती गेल्यावर
सवयीनं काठीला कापसाचा बोळा बांधला,
अमोनियात बुडवला,
आणि त्या नव्या यंत्राच्या जोडाजोडावरून फिरवला.
क्लोरीन गळत असता तर पांढरा धूर उठला असता,
केसाएवढ्या फटीतूनही.
तो असा चहाड होता,
स्वतःचीच चहाडी करणारा.

धूर नाही.
सगळं घट्ट आहे,
की याला अमोनियाशी बोलायचंच नाही?

दारातून पहारेकरी म्हणाला,
"बाबा, काय शोधताय?"

बोळा ठिबकत होता.
मी आणखी एक जोड राहिला होता
तिथे काठी नेली.