दोन बोटं अरुंद

बुडोहून गाडी सुटली की मी सुया काढते.
बाहेर काय आहे ते पाठ आहे मला:
बर्फ, बोगदा, पुन्हा बर्फ.
समोरचा मुलगा घड्याळ बघतो, मी ओळी.
रोग्नानपर्यंत मनगटाची पट्टी, दोन सुलट दोन उलट.
ध्रुववृत्ताचा खांब मागे पडला तेव्हा चार बोटं बाही.
मुशेनला कोपर.
तिकीट तपासणारी वाकून म्हणाली, कुणासाठी?
या प्रश्नाला उत्तर होतं
तेव्हा कुणी विचारलं नाही.

याची पाठ मी कानारी बेटावर विणली, तीन नाताळांपूर्वी.
सगळे पाण्यात, मी छत्रीखाली,
मांडीवर लोकर, तळहाताला घाम, सुई निसरडी.
ओड्वार कोळंबीसारखा लाल होऊन आला,
म्हणाला, आस्लाउग, थंडीला निदान इथे तरी सुट्टी दे.
म्हटलं, माप तुझंच आहे, सरळ उभा राहा.
तो उभा राहिला, पोट आत ओढून,
आणि मी ते पोटासकट मोजलं.
त्या पाठीची वीण ऐसपैस.
अजून झटकली तर वाळू पडेल.

पुढचा भाग इस्पितळात झाला.
चौथा मजला, खिडकीशी खुर्ची.
तेवढेच टाके, एकशे बारा,
त्याच सुया, त्याच दुकानातली तीच करडी लोकर.
रात्रपाळीची नर्स नळ्या तपासायची,
मी नजर वर न करता ओळ संपवायचे.
वाटायचं, ओळ अर्धी सोडली तर.
तर काय, ते मनातही पुरं केलं नाही.

सगळं आटोपल्यावर, मे महिन्यात,
दोन्ही भाग पलंगावर एकावर एक ठेवले.
पुढचा दोन बोटं अरुंद.
मोजून पाहिले, एकशे बाराच.

बहीण म्हणाली, उसव की, लोकर चांगली आहे.
बसलेही उसवायला.
एक ओळ सुटली आणि धागा वळ्या धरून राहिला,
वेणी सोडल्यावर केस राहतात तसा.
तीच ओळ परत विणली.
पिशवी कपाटात, कपाटाला पाठ.

आणि आता या बाह्या. एक मार्चात झाली, दुसरी ही.
त्रोन्हेइमला गाडी बदलताना एक टाका निसटला,
फलाटावर उभ्यानेच उचलला.

ओप्दालला होवार्ड न्यायला आला, केस विस्कटलेले, बापासारखा चालत.
दर दुसऱ्या ईस्टरला तुवा आपल्याकडे,
म्हणून डोंगरातल्या घरी यंदा संत्री जास्त,
भांडण कमी, आणि दुधाच्या खोक्यावरची खुनाची गोष्ट
तिघांनी मोठ्याने वाचायची.
खुनी माळीच, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं.
माळी नव्हता.

शनिवारी शिवण घातली.
होवार्डने काही न विचारता डोकं आत घातलं.
बराच वेळ ते बाहेर येईना.
आलं तेव्हा म्हणाला, चालेल की.
छातीवर ओढ बसलेली, मागे झोळ.
तसाच लाकडं आणायला गेला.
खिडकीतून दिसत होता, दर चार पावलांना पुढचं टोक खाली ओढणारा.

तुवाने माझी टेप घेऊन आधीच मोजलं होतं.
आजी, चूक कुठली? मागची की पुढची?
मी संत्रं सोलत होते.
साल अखंड निघावी म्हणून गप्प राहावं लागतं,
असं मी तिला पूर्वी शिकवलंय,
ते उपयोगी पडलं.

मग ती म्हणाली, मलाही दे.
उरलेली करडी लोकर दिली, जाड सुया दिल्या,
म्हटलं, वीस टाके घाल.
जीभ बाहेर काढून बसली शेकोटीशी.
बाहेर होवार्ड बूट आपटून बर्फ झाडत होता.
तिने तेवीस घातले.
मी मोजले, आणि
पहिली ओळ सुलट, एवढंच म्हणाले.